शब्दांची कुळकथा : ‘नॉक’ अर्थात् ठोका

गेल्या कांहीं अंकांत आम्ही या सदरांत आपल्या घरांतल्याच शब्दांची विचारपूस केली. या महिन्यांत एका परक्या शब्दाला ओसरीवर बसवून त्याचें कूळ विचारावें असा आमचा बेत आहे. शब्द परका खरा. पण ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांस तो चांगला ओळखीचा असेल. घाट चढतांना इंजिनाच्या पोटांतून ‘टक्-टक्’ असा धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येऊं लागतो. गॅरेजांतला मिस्त्री क्षणभर कान देतो आणि निर्णय सांगतो, “काका, नॉकिंग येतंय गाडीला.” त्या मिस्त्रीच्या तोंडीं हा शब्द इतका रुळलेला असतो कीं, तो जणूं पान्ह्याहातोड्याबरोबर वडिलांकडूनच त्याच्याकडे आला असावा.

‘नॉक’ म्हणजे ठोकणें, ठोठावणें; आणि ‘नॉकर’ म्हणजे ठोकणारा. या एका नांवानें इंग्रजी मुलखांत दाराची पितळी कडी ओळखली जाते. पहाटे गिरणीकामगारांस जागें करणारा माणूस ओळखला जातो. आणि वेल्स देशाच्या खाणींत जमिनीखालीं ठोके देणारी एक अदृश्य जमातहि याच नांवानें ओळखली जाते. मोटारीच्या इंजिनांतील दोषाचा जन्म याच कुळांतला. इतकी निरनिराळी मंडळी एका छपराखालीं कशी नांदते, आणि त्या नांदण्यांतून आपणांस कांहीं शिकण्यासारखें आहे कीं काय, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

प्रथम व्युत्पत्ति. जुन्या इंग्रजींत ‘क्नोकियन्’ असें क्रियापद होतें आणि त्यांतील आरंभींच्या ‘क्’चा उच्चार स्पष्ट होत असे. पुढें सुमारें सतराव्या शतकांत इंग्रजांनीं तो उच्चार टाकला. लिहितांना मात्र अक्षर कायम ठेवलें. घरांतले वृद्ध आजोबा बोलेनासे झाले तरी पंगतींत पहिला पाट त्यांचाच असतो, तसें या अक्षराचें झालें आहे. शेजारच्या वेल्श भाषेंत मात्र ‘क्नोकिओ’ असा उच्चार आजहि ऐकूं येतो, आणि झाडावर चोंच आपटणाऱ्या सुतार पक्ष्याचें वेल्श नांवहि याच शब्दावरून पडलेलें आहे. वैयाकरण अशा शब्दांस अनुकरणवाचक म्हणतात. आपले ठकठक, खटखट, टकटक हे शब्द त्याच जातीचे. कोणत्याहि देशांतल्या माणसाच्या कानावर लांकडावरचा आघात पडला म्हणजे त्याच्या तोंडून असेंच कांहींतरी कठोर व्यंजन बाहेर पडावयाचें.

आपल्याकडे संस्कृतांत ‘हन्’ धातूनें हें कार्य उचललें. आघात त्याचाच, आणि ‘घन’ म्हणजे ठोकणारें साधन, मोगर, हाहि त्याचाच. लोहाराच्या हातांतला ‘घण’ हा त्या घनाचा मराठी वंशज. याच धातूपासून ‘आहत’ व ‘अनाहत’ हे दोन शब्द झाले. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यांत नादाचे हेच दोन प्रकार सांगितले आहेत. एका वस्तूचा दुसरीवर आघात होऊन उत्पन्न होतो तो आहत. आणि आघातावांचून असलेला, केवळ योग्यांस प्रत्ययास येणारा, तो अनाहत. हे दोन शब्द वाचकांनीं पदराच्या गांठीस बांधून ठेवावेत. खाणींत उतरल्यावर त्यांचें काम पडणार आहे.

आतां दारावरच्या नॉकरापासून सुरुवात करूं. इंग्लंडच्या उत्तर भागांत डरहॅम येथें एक प्रचंड आणि प्राचीन ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या दारावर बाराव्या शतकांत बसविलेला, एका उग्र पशुमुखाच्या जबड्यांत कडी असलेला नॉकर प्रसिद्ध आहे. मूळ वस्तु आतां आंत जपून ठेवली असून दारावर तिची प्रतिकृति आहे. मध्ययुगांत कोणाच्या हातून खून अथवा दुसरा भयंकर अपराध घडला आणि तो पळत येऊन त्या कडीपर्यंत पोंचला, तर त्यास ३७ दिवस अभय मिळत असे. तेवढ्या मुदतींत त्यानें न्यायासनापुढें जावें किंवा देश सोडून जावें. सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत हा हक्क कायद्यानें संपुष्टांत आला. पण मध्यरात्रीं कडी वाजली तरी आंतल्या माणसानें उठून दार उघडलेंच पाहिजे, हा त्या मंदिराचा नियम तोंवर कित्येक शतकें चालत होता. आपल्याकडे शरणागतास पाठीशीं घालणें हा धर्म मानला आहे; त्याच धर्माचें हें एक कांशाचें रूप.

दुसरा नॉकर हाडामांसाचा. ब्रिटनमध्यें एकोणिसाव्या शतकांत गिरण्या आणि कारखाने वाढले. पहाटे ठरल्या वेळीं कामगार हजर झाला नाहीं तर त्याची मजुरी कापली जाई. आणि गजराचें घड्याळ तर त्याच्या ऐपतीबाहेरचें. म्हणून गल्लोगल्लीं एक नवाच व्यवसाय निघाला. लांब काठीनें माडीवरच्या खिडकीच्या कांचेवर टकटक करावयाची, आंतून हालचाल दिसेपर्यंत हलावयाचें नाहीं, आणि याबद्दल आठवड्यास थोड्या पेन्स घ्यावयाच्या. पूर्व लंडनमधील मेरी स्मिथ नांवाची बाई काठीऐवजीं नळींतून वाळलेले वाटाणे फुंकून खिडकीवर मारीत असे, आणि १९३१ सालचें तिचें छायाचित्र आजहि पाहावयास मिळतें. घड्याळें स्वस्त झालीं तसा हा व्यवसाय हळूहळू मावळला.

कडी वाजवणारा शरणागत आणि काच वाजवणारा पहारेकरी, हे दोघेहि दिसणारे. त्यांचा ठोका आहत खरा. आतां तिसऱ्याकडे, म्हणजे न दिसणाऱ्याकडे वळूं.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिम अंगाचा डोंगराळ प्रदेश. त्याच्या पोटांत दक्षिणेस दगडी कोळसा आणि पश्चिमेकडील कार्डिगनशायर परगण्यांत शिसें, जस्त व थोडें चांदीमिश्रित खनिज. तेथील खाणकामगारांचा पिढ्यान्‌पिढ्या असा विश्वास होता कीं, भूगर्भांत ‘कोब्लिनाय’ नांवाचे ठेंगू जीव राहतात. इंग्रज त्यांनाच ‘नॉकर’ म्हणतात. कार्डिफ येथें अमेरिकेचे वकील असलेले वर्ट साइक्स यांनीं १८८० सालीं वेल्समधील अशा लोककथांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत या जमातीचें वर्णन आहे. उंची सुमारें अर्धा वार. रूप ओबडधोबड, पण स्वभाव चांगला. अंगावर खाणकामगाराचाच वेष. हातांत इवलाल्या कुदळी, हातोड्या आणि दिवे. काम मोठ्या लगबगीनें चाललेलें दिसतें, पण होत कांहींच नाहीं. त्यांचे ठोके जेथून येतात तेथें खनिजाचा भरघोस पट्टा असतो असें समजत. कोणी त्यांची थट्टा केली तर ते खडे मारीत, पण इजा होईल असे नाहीं. खाणींत शीळ घालणें अशुभ मानीत. आपल्याकडे रात्रीं शीळ घालूं नये म्हणून आजी दटावते, तसेंच हें.

ही केवळ अडाण्यांची समजूत होती असें कोणी म्हणेल तर लुइस मॉरिस यांचें उदाहरण पुढें ठेवावें लागतें. हे गृहस्थ १७०१ सालीं अँगल्सी बेटांत जन्मले. भूमापन आणि समुद्रकिनाऱ्याचे नकाशे काढणें यांत निष्णात, वेल्श भाषेचे नामांकित कवि, आणि शिवाय कार्डिगनशायरमधील एस्गेर-इ-मुइन या शिशाच्या खाणीचे व्यवस्थापक. १७५४ सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं या ठोक्यांविषयीं गंभीरपणें लिहिलें आहे. जग हंसेल हें ते जाणून होते. तरी ठोके ऐकूं येतात, ते खनिजाकडे नेतात आणि ठोकणारे स्वभावानें भले आहेत, ही साक्ष त्यांनीं मागें घेतली नाहीं. तराजू आणि नकाशा यांवर ज्याचें पोट, अशा माणसाची ही साक्ष आहे.

मग हा नाद आहत कीं अनाहत? आजचा भूगर्भशास्त्रज्ञ त्यास आहतांतच घालील. डोंगराचा भार डोक्यावर असतां पोकळ केलेल्या जागेभोंवतींचा खडक ताण सहन करतो आणि मधून मधून तडकतो. छतास दिलेले लांकडी धिरे ओझ्याखालीं करकरतात. दुसऱ्या बोगद्यांत चाललेल्या कुदळीचा आवाज खडकांतून दूरवर पोंचतो. पाण्याचा थेंब अंधारांत ठिबकला तरी तो हातोडीसारखा वाजतो. हें सर्व खरें मानलें तरी वेल्श मजुराची रीत चुकली असें होत नाहीं. ठोका ऐकूं आला कीं काम थांबवून कान द्यावा, थट्टा करूं नये, आणि तो कोठून येतो तें पाहावें, अशी ती रीत होती. लांकडी धिरा मोडण्यापूर्वीं बोलतो हें त्या धंद्यांतील जुन्या माणसांस पक्कें ठाऊक होतें. कोब्लिनायवर विश्वास ठेवणारा मजूर त्या बोलण्याकडे दुर्लक्ष करीत नसे.

ठोक्याचा कर्ता खरोखरच जिवंत माणूस असल्याचा प्रसंगहि तेथें घडला आहे. दक्षिण वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यांत पोर्थजवळ टिनेविद् नांवाची कोळशाची खाण होती. ११ एप्रिल १८७७ रोजीं शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणींतील पाणी तींत घुसलें आणि १४ माणसें आंत अडकलीं. शोध करणाऱ्यांस कोळशाच्या भिंतीपलीकडून ठोके ऐकूं आले. भिंत फोडून एक तुकडी बाहेर काढली. मात्र दाबलेली हवा एकदम सुटून त्यांतील एकजण दगावला. पुन्हां कान दिला तों आणखी दूरवर ठोके. मध्यें पाणी, पाण्यापलीकडे कोळसा, आणि कोळशापलीकडे हवेचा एक कोंडलेला कप्पा. ठोकणारे किती आहेत तें ठाऊक नाहीं. आणि भिंत फोडतांच तो कप्पा फुटून पाणी वर चढेल ही धास्ती. तरी स्वयंसेवकांनीं दिवसरात्र खणणें चालू ठेवलें. नऊ दिवसांनीं, २० एप्रिल रोजीं, पांच माणसें जिवंत बाहेर आलीं. एकंदर १४ पैकीं ९ वांचलीं. समुद्रावरील जीवरक्षणासाठींच आजवर दिलें जाणारें अल्बर्ट पदक या प्रसंगानंतर जमिनीवरील पराक्रमासहि द्यावें असें ब्रिटिश सरकारनें ठरविलें. त्या नऊ दिवसांत ‘हा भूताचा आवाज’ म्हणून, किंवा ‘हा खडकाचा आवाज’ म्हणून कोणी कानावर हात ठेवले असते तर?

एकोणिसाव्या शतकांत ब्रिटनच्या नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉलचे खाणकामगार पोटापाण्यासाठीं अमेरिकेंत गेले. त्यांच्याकडेहि नॉकर होतेच. ते त्यांनीं बरोबर नेले. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या खाणींत ते ‘टॉमीनॉकर’ झाले. तेथें त्यांच्या ठोक्याचा अर्थ ‘छत कोसळणार, बाहेर पडा’ असा होऊं लागला. त्याच अमेरिकेंत पुढें आमच्या गोष्टीचा चौथा नॉकर जन्मला.

पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण नळकांड्यांत दाबलें जातें आणि विजेच्या ठिणगीनें पेटविलें जातें. ज्वाळा ठिणगीपासून क्रमानें पसरली म्हणजे दट्ट्या सारख्या जोरानें खालीं ढकलला जातो. पण मिश्रण फार दाबलें गेलें तर ज्वाळा पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतला उरलेला भाग तापून आपोआप भडकतो. त्या भडक्याची लाट नळकांड्याच्या भिंतींवर आदळते. तोच ‘टक्-टक्’ आवाज. अशा आघातांनीं दट्ट्या झिजतो, प्रसंगीं फुटतो. अधिक दाबल्यानें अधिक शक्ति मिळते हें यंत्रज्ञांस ठाऊक होतें. पण अधिक दाबलें कीं ठोका येई. ओहायो संस्थानांतील डेटन शहरीं जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखालीं थॉमस मिजली हे या दोषावर उपाय शोधीत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजीं त्यांस तो सांपडला. पेट्रोलांत अगदीं थोडें टेट्राएथिल लेड मिसळलें आणि ठोका बंद पडला.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. ‘लेड’ म्हणजे शिसें. कार्डिगनशायरांत ठोक्यानें शिशाची वाट दाखविली. डेटनमध्यें शिशानें ठोक्याचें तोंड बंद केलें.

शिसें विषारी आहे हें त्या वेळीं अज्ञात नव्हतें. अल्कोहोल मिसळल्यानेंहि ठोका आवरतो हें त्याच मंडळींस माहीत होतें. तरीहि २ फेब्रुवारी १९२३ रोजीं डेटन येथें शिसेंयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली, आणि मालाचें नांव ठेवतांना ‘लेड’ हा शब्द वगळून नुसतें ‘एथिल’ ठेवण्यांत आलें. शब्दांचा हिशेब ठेवणाऱ्या या सदरास ही गोष्ट विसरतां येण्यासारखी नाहीं. मिजली स्वतः त्याच वर्षीं शिशाच्या बाधेनें आजारी पडले. ऑक्टोबर १९२४ मध्यें न्यू जर्सी संस्थानांतील बेवे येथील कारखान्यांत हें द्रव्य तयार करणाऱ्या पांच कामगारांचा भ्रमिष्ट होऊन अंत झाला. चौकशी झाली, आणि विक्री पुन्हां सुरू झाली. पुढें क्लेअर पॅटर्सन या शास्त्रज्ञानें १९५६ सालीं पृथ्वीचें वय सुमारें साडेचार अब्ज वर्षें असल्याचें मोजून दाखविलें. तें मोजतांना जिकडे तिकडे भरून राहिलेल्या शिशानें त्याच्या मापनांत पदोपदीं विघ्नें आणलीं. तेव्हां त्यानें त्या शिशाचाच माग काढला, आणि माणसाच्या भोंवतालचें शिसें नैसर्गिक मानापेक्षां किती तरी पटींनीं वाढल्याचें १९६५ सालीं लिहिलें. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा सर्वांत अधिक आघात होतो हेंहि पुढें निश्चित झालें. भारतांत २००० सालीं शिसेंयुक्त पेट्रोल बंद झालें. जगांत शेवटीं तें अल्जीरियांत, जुलै २०२१ मध्यें बंद झालें. म्हणजे एका आवाजास गप्प बसविण्याची किंमत जगानें जवळजवळ १०० वर्षें मोजली, आणि ती मुख्यतः मुलांनीं मोजली. आतां आपल्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात. त्याचा कांहीं भाग महाराष्ट्राच्या उसांतूनच येतो. ठोका आवरण्याचा गुण त्याच्या अंगीं आहे हें डेटनच्या मंडळींस शंभर वर्षांपूर्वींच ठाऊक होतें, ही गोष्ट मनास लागून राहते.

वेल्सच्या शिशाच्या खाणी केव्हांच बंद पडल्या. पण त्यांतून झिरपणारें पाणी इस्टविथ नदींत अजूनहि शिसें आणि जस्त आणून सोडतें. ठोकणारे गेले, त्यांनीं दाखविलेलें धन मात्र अजून वाहत आहे.

या गोष्टीचा शेवट मात्र आशेचा आहे. आजच्या मोटारीच्या इंजिनावर एक लहानसें उपकरण बसविलेलें असतें. त्याचें नांव ‘नॉक सेन्सर’. त्यांत एक स्फटिक असतो. इंजिनांत ठोक्याचा कंप उठला कीं तो स्फटिक सूक्ष्म वीज उत्पन्न करून वर्दी देतो. त्याबरोबर गाडीचा संगणक ठिणगीची वेळ किंचित् मागें घेतो. ठोका थांबतो, आणि थोड्या वेळानें ठिणगी पुन्हां पूर्वपदावर येते. यंत्रास आतां कान आला आहे. विष घालून आवाज दडपण्याऐवजीं, आवाज ऐकून आपलें वर्तन बदलावें, हें यंत्रविद्येस कळावयास बराच काळ लागला. वेल्श मजुरास तें ठाऊक होतें. स्फटिक त्याच्याजवळ नव्हता, म्हणून त्यानें कोब्लिनाय कल्पिले.

आमचे वाचक एकत्र कुटुंबांत राहणारे. अशा घरांत ठोक्यांस तोटा नसतो. भांड्याला भांडें लागावयाचेंच, असें आपण म्हणतों आणि पुढें जातों. पण स्वयंपाकघरांत भांडीं रोजच्यापेक्षां जरा जोरानें ठेवलीं जाऊं लागलीं, एरवीं बडबड करणारें पोर पानावर मुकाट जेवूं लागलें, किंवा म्हाताऱ्या आत्याबाई एकच प्रश्न चारदां विचारूं लागल्या, तर तेहि नॉकरच होत. अशा वेळीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला शब्द ‘गप्प बसा’ असा निघतो. त्यानें आवाज बंद होतो हें खरें. पण त्यानंतर घरांत काय झिरपत राहतें, तें पुढच्या पिढीस कळतें. बाहेरच्या दारावर थाप पडली तर आपल्या घरांतलें चार वर्षांचें मूलहि ‘कोण आहे?’ म्हणून विचारतें. आंतल्या दारांवरील थापांसहि तेवढाच मान द्यावा, यापेक्षां अधिक कांहीं आम्हांस सांगावयाचें नाहीं.

असो. लोहार, सुतार, तांबट, कासार, गवंडी, यांच्या धंद्यांत निरनिराळ्या ठोक्यांस निरनिराळीं नांवें असतात. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं अशीं नांवें अजून बोलण्यांत असतील त्यांनीं तीं अर्थासह आम्हांस अवश्य लिहून पाठवावींत. जमल्यास पुढील एखाद्या अंकांत त्यांचीहि पंगत या सदरांत मांडूं.